त्वचेवरील बाह्योपचारांत युरियाचे स्थान : टाचेच्या भेगांच्या विशेष संदर्भात

बीजसंज्ञा : युरिया, शृंगी स्तर, आर्द्रताधारक द्रव्ये, केराटिन, टाचेच्या भेगा, मधुमेही पाऊल

प्रस्तावना :

माळशिरस तालुक्यात युरिया हा शब्द ठाऊक नसलेला मनुष्य सापडणे कठीण आहे. पर्जन्यछायेतील या भूभागाला नीरा उजव्या कालव्याचे पाणी मिळाले, ऊस उभा राहिला, माळीनगर, सदाशिवनगर आणि शंकरनगर-अकलूज येथे साखर कारखाने आले आणि युरियाची गोणी ही घरातील धान्याच्या पोत्याइतकीच परिचित वस्तू झाली. याच तालुक्यातील कोणत्याही औषध दुकानात टाचेच्या भेगांसाठी मलम मागितले असता जी नळी हाती पडते, तिच्यावर पुष्कळदा बारीक अक्षरांत 'युरिया १० टक्के' असे छापलेले असते. काही नळ्यांवर 'कार्बामाइड' हे त्याच पदार्थाचे दुसरे नाव आढळते. वाचणाऱ्याच्या मनात येथे दोन परस्परविरोधी विचार येऊ शकतात. पिकाला घालावयाचे खत अंगाला कसे चोळावे, ही भीती हा पहिला विचार. पदार्थ एकच असेल तर नळीसाठी पैसे कशाला मोजावेत, घरातील गोणीतलाच मूठभर का घेऊ नये, हा दुसरा. पहिली भीती निराधार आहे. दुसरा विचार मात्र घातक ठरू शकतो, आणि ज्यांच्या पायाची संवेदना मधुमेहाने मंदावली आहे त्यांच्या बाबतीत तो पाऊल गमावण्यापर्यंत नेऊ शकतो. युरिया त्वचेवर नेमके काय करतो, किती प्रमाणात करतो आणि गोणी व नळी यांत अंतर कोठे पडते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मूत्रापासून मलमापर्यंत :

युरिया हे अत्यंत साधे कार्बनी संयुग आहे. एक कार्बन, एक ऑक्सिजन, दोन नायट्रोजन व चार हायड्रोजन अणूंचा त्याचा रेणू असून त्याचा रेणुभार सुमारे ६० आहे. फ्रेंच रसायनज्ञ रूएल यांनी १७७३ मध्ये तो मूत्रापासून वेगळा केला. १८२८ मध्ये जर्मन रसायनज्ञ फ्रीडरिश वोलर यांनी अमोनियम सायनेटपासून तो प्रयोगशाळेत तयार केला. सजीवांच्या शरीरातच निर्माण होणारा मानला गेलेला पदार्थ काचेच्या भांड्यात तयार होतो, ही त्या काळी धक्कादायक गोष्ट होती. रसायनशास्त्राच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात हा प्रसंग येतो. आज खत असो वा औषध, जगभर वापरला जाणारा युरिया अमोनिया व कार्बन डायऑक्साइड यांपासून कारखान्यात तयार होतो. महाराष्ट्रात ट्रॉम्बे व अलिबागजवळील थळ येथे राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचे असे कारखाने आहेत. मलमातील युरिया मूत्रापासून काढतात, हा समज म्हणूनच खरा नाही.

औषध म्हणून युरियाचा प्रवेश जखमांच्या निमित्ताने झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात, १९१५ मध्ये, सिमर्स व कर्क यांनी जखमांच्या उपचारात त्याच्या जंतुनाशक गुणाचा विचार मांडला. १९३० च्या दशकात अमेरिकेच्या कृषी खात्यातील विल्यम रॉबिन्सन हे चिघळलेल्या जखमांत सोडलेल्या माश्यांच्या अळ्यांमुळे जखम का भरून येते याचा शोध घेत होते. अळ्यांच्या उत्सर्जनात त्यांना ॲलँटॉइन व युरिया ही द्रव्ये आढळली. किळस वाटावी अशा या उपचारातून दोन निरुपद्रवी औषधे हाती आली, हे नोंदविण्यासारखे आहे. १९४३ मध्ये अमेरिकेतील रॅटनर यांनी हाताच्या क्रीममध्ये युरिया वापरण्याविषयी लिहिले. त्वचारोगशास्त्रात त्याचे आसन खऱ्या अर्थाने पक्के झाले ते १९६८ मध्ये. स्वीडनमधील गुन्नार स्वानबेक यांनी इक्थिऑसिस या, त्वचा माशाच्या खवल्यांसारखी होणाऱ्या आनुवंशिक विकारावर युरियायुक्त मलमाचा उपचार त्या वर्षी मांडला.

त्वचेचा स्वतःचा युरिया :

खत अंगाला कसे लावावे, या शंकेचे उत्तर त्वचेच्याच रचनेत आहे. त्वचेचा सर्वांत बाहेरचा थर म्हणजे शृंगी स्तर. त्याची तुलना विटांच्या भिंतीशी करण्याचा प्रघात आहे. केराटिन या प्रथिनाने भरलेल्या चपट्या मृत पेशी या विटा होत आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना होय. मात्र ही भिंत कोरडी असून चालत नाही. विटांच्या आत पाणी धरून ठेवणारे एक नैसर्गिक मिश्रण असते. त्यात सुमारे ४० टक्के अमिनो आम्ले असतात आणि सुमारे ७ टक्के युरिया असतो. उरलेल्या भागात लॅक्टिक आम्लाचे व इतर क्षार येतात. फिलॅग्रिन नावाच्या प्रथिनाचे विघटन होऊन यांतील बरेच घटक निर्माण होतात. त्यांतील आर्जिनिन या अमिनो आम्लापासून त्वचेतच युरिया तयार होतो. घामातूनही त्याची भर पडते. म्हणजेच युरियाचे मलम त्वचेवर परका पदार्थ आणत नाही, मूळचाच घटक परत करते. ॲटोपिक त्वचादाह व सोरायसिस यांच्या रुग्णांच्या शृंगी स्तरात युरियाचे प्रमाण निरोगी त्वचेपेक्षा लक्षणीय कमी आढळते, हे या विधानाला पूरक आहे.

पाण्याशी युरियाचे सख्य किती घट्ट आहे, हे शेतकऱ्याला वेगळे सांगावे लागत नाही. फवारणीसाठी बादलीत युरिया टाकून ढवळला की तो पाहता पाहता विरघळतो आणि बादली गार पडते. १०० मिलिलिटर पाण्यात सामान्य तापमानाला १०० ग्रॅमहून अधिक युरिया विरघळू शकतो. हवा कोरडी असताना हा रेणू शृंगी स्तरात आणखी एक काम करतो. पाणी उडून गेले तरी तो स्वतः उडून जात नाही आणि पाण्याची जागा काही अंशी घेऊन तेथील स्निग्ध थर मऊ ठेवतो. खाऱ्या समुद्रातील शार्क मासे शरीरातील पाणी टिकविण्यासाठी रक्तात मोठ्या प्रमाणात युरिया बाळगतात. निसर्गाने ही युक्ती एकापेक्षा अधिक ठिकाणी वापरलेली दिसते.

युरिया केवळ पाणी धरतो, हा समजही आता अपुरा ठरला आहे. जर्नल ऑफ इन्व्हेस्टिगेटिव्ह डर्मॅटॉलॉजी या नियतकालिकात २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, त्वचेच्या जिवंत पेशी विशिष्ट वाहक प्रथिनांद्वारे युरिया आत घेतात. त्यानंतर फिलॅग्रिनसारखी अडसर बांधणारी प्रथिने आणि जंतूंशी लढणारी पेप्टाइडे यांच्या निर्मितीशी निगडित जनुके अधिक कार्यक्षम होतात. निरोगी स्वयंसेवकांच्या त्वचेचा अडसर यामुळे सुधारलेला आढळला.

प्रमाण बदलले की कार्य बदलते :

युरियाविषयी सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत कमी वाचली जाणारी गोष्ट म्हणजे नळीवरील टक्केवारी. सुमारे १० टक्क्यांपर्यंत युरिया प्रामुख्याने ओलावा धरतो. १० ते २० टक्क्यांच्या पट्ट्यात ओलावा धरण्याबरोबरच मृत पेशींचे थर सैल होऊ लागतात. जाड, राठ टाच आणि इक्थिऑसिस यांसाठी हे प्रमाण उपयोगी पडते. २० टक्क्यांच्या वर त्याचे स्वरूप पालटते. तो केराटिनची घट्ट वीण उसवू लागतो. ४० टक्क्यांना तर तो नखही मऊ करतो.

असे का होते, याचे उत्तर जीवरसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत रोज दिसते. प्रथिनाची घडी उलगडण्यासाठी तेथे ८ मोलर युरियाचे द्रावण वापरतात. प्रथिनाच्या साखळ्या ज्या हायड्रोजन बंधांनी एकमेकींना धरून असतात, त्या बंधांच्या मध्ये युरियाचे रेणू शिरतात. ४० टक्क्यांच्या मलमातील युरियाची तीव्रता या द्रावणाच्या जवळपास जाते, आणि त्याखालील केराटिनची अवस्थाही तशीच होते. १९८० मध्ये साउथ व फार्बर यांनी विकृत झालेले नख शस्त्रक्रियेविना काढण्यासाठी ४० टक्के युरियाच्या मलमाची पद्धती वर्णिली. भोवतालची त्वचा झाकून नखावर मलम लावायचे, वर पट्टी बांधायची आणि काही दिवसांनी मऊ झालेला रोगट भाग खरवडून काढायचा, अशी ती पद्धती होय. पाण्यात उभे राहून दारे धरणाऱ्यांच्या पायाच्या नखांना होणाऱ्या बुरशीवरही तिचा उपयोग होतो, कारण रोगट नख निघून गेले की बुरशीनाशक औषध खालपर्यंत पोहोचते. म्हणजे एकाच नावाच्या दोन नळ्यांपैकी एक त्वचा सांभाळते आणि दुसरी नख उतरविते. दुकानात केवळ 'युरियाचे मलम' मागणे हे केवळ 'औषध' मागण्याइतकेच मोघम आहे.

त्वचा सैल करण्याच्या याच गुणामुळे युरिया इतर औषधांनाही आत जाण्यास वाट करून देतो. हायड्रोकॉर्टिसोनसारख्या स्टेरॉइडबरोबर त्याचे मिश्रण करण्यामागे हेच कारण आहे. अशा मिश्रणात स्टेरॉइडचा प्रभाव वाढतो, हे लक्षात घेता ती मलमे वैद्यकीय सल्ल्याविना वापरणे योग्य नाही.

कर्करोगावरील काही औषधांनी तळहात-तळपाय सोलवटतात, त्यावर युरियाचा अनुभव संमिश्र आहे. सोराफेनिब घेणाऱ्या यकृताच्या कर्करोगाच्या रुग्णांत १० टक्के युरियाच्या क्रीमने हा त्रास कमी झाल्याचे २०१५ मध्ये चीनमधील अभ्यासात दिसले. कॅपेसिटाबिनच्या बाबतीत मात्र २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात युरिया व लॅक्टिक आम्लाच्या क्रीमचा लाभ आढळला नव्हता. युरिया हे गुणकारी द्रव्य आहे, सर्वगुणकारी नव्हे.

टाच का फुटते? :

टाचेचा शृंगी स्तर शरीरातील सर्वांत जाड स्तरांपैकी एक होय. तळपायाला तैलग्रंथी नसतात, त्यामुळे त्याला स्वतःचे तेल नाही. अनवाणी किंवा मागून उघड्या वहाणेने चालताना शरीराचा भार टाचेखालील मेदाच्या गादीवर येतो आणि ती बाजूंना पसरते. त्वचा लवचीक असेल तर तीही पसरते. कोरडी असेल तर सुकलेल्या तळ्याच्या गाळाप्रमाणे तडकते. तडा वरच्या मृत थरापुरता असेल तोवर तो केवळ कुरूप दिसतो. खालच्या जिवंत थरापर्यंत गेला की दुखतो, रक्त येते आणि जंतूंना दार उघडते. ऊसतोडणीचा हंगाम नेमका थंडीच्या कोरड्या महिन्यांत येतो. बीड व इतर जिल्ह्यांतून येणाऱ्या तोडणी मजुरांचे पाय पहाटेपासून पाचटात, धुळीत असतात. त्यांच्या टाचा या रोगाचे जणू पाठ्यपुस्तकच होत.

आषाढातील चित्र वेगळे असते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नातेपुते, माळशिरस, वेळापूर या मार्गाने आणि तुकाराम महाराजांची पालखी अकलूजमार्गे पंढरीस जाते. शेकडो किलोमीटर चाललेल्या वारकऱ्यांच्या पायांना टाचेच्या भेगांबरोबरच बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात. या दोन्हींना एकच मलम लावण्याची चूक सहज होते. भेग कोरडेपणाने पडते. चिखल्या अतिओलाव्याने आणि बहुधा बुरशीने होतात. तेथील त्वचा आधीच भिजून पांढरी, मऊ झालेली असते. तिला पाणी धरणारे आणि थर सैल करणारे द्रव्य लावणे म्हणजे चिखलात पाणी ओतणे होय. चिखल्यांना पाय कोरडे ठेवणे व बुरशीनाशक औषध हाच उपाय आहे.

परंपरागत उपायांचा येथे विचार करणे आवश्यक आहे. खोबरेल तेल, मेण, राळेचे मलम आणि कोकणातून आलेले कोकमाचे तेल ही भेगांवरील जुनी द्रव्ये होत. ती निरुपयोगी नाहीत. स्निग्ध पदार्थ त्वचेवर पडदा टाकतो आणि असलेले पाणी उडू देत नाही. पण पाणी मुळात नसेल तर पडदा काय राखणार? म्हणूनच पाय कोमट पाण्यात भिजवून, हलके पुसून, मग तेल लावण्याची आजीबाईंची रीत शास्त्रशुद्ध आहे, आणि भिजविणे वगळून नुसते तेल चोळणे तितके नाही. कुष्ठरोगाने पाय बधिर झालेल्या रुग्णांना भिजविणे, घासणे, तेल लावणे हाच क्रम शिकविला जातो. युरियाचे मलम या क्रमाला पूरक आहे. भिजविलेल्या टाचेवर १० ते २० टक्के युरिया आणि त्यावर हवे तर खोबरेल, असा मेळ घातल्यास नव्या-जुन्याचा वाद उरत नाही.

शेतात काम करताना फाटलेल्या पायावर मूत्र सोडण्याची समजूतही अनेक ठिकाणी आढळते. मूत्रात साधारण २ टक्के युरिया असतो. तेवढ्याने टाचेच्या जाड थरावर परिणाम होण्याची अपेक्षा करता येत नाही, आणि उघड्या जखमेवर मूत्रातील जंतू जाण्याचा संभव वेगळाच.

गोणी आणि नळी :

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळता येईल. खताच्या युरियात ४६ टक्के नायट्रोजन असतो, म्हणजे तो रासायनिक दृष्ट्या बराच शुद्ध असतो. मोह होण्याचे कारणही हेच. ४५ किलोची अनुदानित गोणी ज्या किमतीत मिळते, त्या किमतीत मलमाची एखाद-दुसरी नळी येते. परंतु खताच्या प्रमाणकानुसार त्यात १.५ टक्क्यांपर्यंत बाययुरेट चालते, आणि २०१५ पासून देशातील युरियावर कडुनिंबाच्या तेलाचा लेप बंधनकारक आहे. अनुदानित खत उद्योगांकडे वळू नये आणि त्यातील नायट्रोजन जमिनीत सावकाश सुटावा, हा त्या लेपाचा हेतू. त्वचेचा त्यात विचार नाही, आणि असण्याचे कारणही नाही. औषधी युरियाची अशुद्धी मर्यादेत असल्याची जी तपासणी होते, तीही येथे नसते.

याहून मोठी अडचण प्रमाणाची आहे. युरिया तेलात विरघळत नाही. खोबरेल तेलात मिसळलेले दाणे दाणेच राहतात आणि भेगेत शिरून खड्यांसारखे टोचतात. पाण्यात मिसळावे तर संपृक्त द्रावणात युरियाचे प्रमाण ५० टक्क्यांच्या वर जाते, म्हणजे नख उतरविणाऱ्या मलमापेक्षाही अधिक. असे द्रावण टाचेला लावून वर प्लॅस्टिकची पिशवी बांधून झोपणाऱ्यास सकाळी मऊ टाच मिळेल, की सोललेली, हे नशिबावर अवलंबून राहते.

तिसरी गोष्ट टिकाऊपणाची. पाण्याच्या सान्निध्यात युरियाचे हळूहळू विघटन होऊन अमोनिया सुटतो. त्याने मिश्रण अल्कधर्मी होते, तर निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. औषध कंपन्या लॅक्टिक आम्ल व त्याचे क्षार घालून हे विघटन आटोक्यात ठेवतात. उष्णतेने ते वेगाने होते. पत्र्याच्या घरात एप्रिल-मे महिन्यांत फळीवर राहिलेली नळी उघडताच अमोनियाचा वास आला तर ती मुदतीपूर्वीच टाकून द्यावी.

नियमित मलमाच्या सुरक्षिततेविषयी मात्र चिंतेचे कारण नाही. प्रौढ माणसाचे यकृत दिवसाला साधारण २० ते ३० ग्रॅम युरिया स्वतःच तयार करते. १० टक्क्यांच्या ५० ग्रॅमच्या संपूर्ण नळीत तो अवघा ५ ग्रॅम असतो, आणि त्यातील फारच थोडा रक्तात जातो. युरियाची ॲलर्जी क्वचितच आढळते. चुणचुण मात्र होते, विशेषतः फुटलेल्या त्वचेवर, आणि लहान मुलांना ती सहन होत नाही. तान्ह्या बाळांना वैद्यकीय सल्ल्याशिवाय हे मलम लावू नये. रक्त येणाऱ्या खोल भेगेवर आधी साधे व्हॅसलीन व पट्टी लावून ती भरू द्यावी, मग युरियाकडे वळावे.

मधुमेही पाऊल :

चुणचुण ही तक्रार असली तरी एका अर्थी ती संरक्षण आहे. जास्त तीव्रतेचे मलम लागले की पाय आग करतो आणि माणूस ते धुऊन टाकतो. दीर्घकाळच्या मधुमेहात पायाच्या नसा निकामी होऊ लागतात तेव्हा हे संरक्षण नाहीसे होते. त्याच नसांपैकी काही घामाच्या ग्रंथींना चालना देत असतात. त्या बंद पडल्या की तळपायाला घाम येत नाही, त्वचा कोरडी पडते, टाच फुटते, आणि फुटलेली कळत नाही. ज्याला युरियाची सर्वाधिक गरज आहे त्यालाच त्याच्या गैरवापराची सर्वाधिक इजा होऊ शकते, असा हा पेच आहे. न दुखणारी भेग, तिच्यात गेलेली माती, चिघळलेली जखम आणि शेवटी बोट किंवा पाऊल काढण्याची वेळ, हा क्रम शल्यविशारदांच्या परिचयाचा आहे.

मधुमेही पावलाच्या निगेविषयीच्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत कोरड्या त्वचेला रोज स्निग्ध मलम लावण्यास सांगितलेले आहे, मात्र बोटांच्या बेचक्या वगळून. अशा रुग्णांच्या कोरड्या टाचांवर युरियायुक्त क्रीमने सुधारणा होते, हे अनेक चाचण्यांत दिसले आहे. येथे कमी तीव्रतेचे, साधारण १० टक्क्यांच्या आसपासचे मलम पुरेसे असते. कुरूप व घट्टे विरघळविणारी तीव्र मलमे व पट्ट्या मधुमेह्याने स्वतःच्या मनाने वापरू नयेत. त्याखालील निरोगी त्वचाही जाते आणि ती गेल्याचे कळत नाही. पाय भिजविण्याची रीतही येथे बदलावी लागते. पाण्याचा ऊनपणा पायाने नव्हे, कोपराने किंवा घरातील दुसऱ्या माणसाने पाहायचा. पाय फार वेळ पाण्यात ठेवायचे नाहीत, आणि बेचक्या कोरड्या पुसून घ्यायच्या. मलम लावण्याच्या निमित्ताने तळवा रोज एकदा डोळ्यांखालून जातो. वाकून पाहता येत नसेल त्याने जमिनीवर आरसा ठेवून पाहावे, किंवा सुनेला-नातवाला पाहावयास सांगावे. भेगेच्या कडा लाल, उष्ण वा सुजलेल्या असतील, पू दिसत असेल, तर मलम त्या दिवशी लावावयाचे नाही. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावयाचे.